काचेवरचं कुंकू

आमच्या दूध संस्थेत टीव्ही आला तो दुष्काळातच. दूध कमी आणि माणसं जास्त, अशी तेव्हा गावाची गत होती. रिकामे कॅन पालथे घालून माणसं त्यावर बसायची आणि बातम्या बघायची. बातम्या दिल्लीच्या, हिंदीत. माझी शाळा दुसरीपर्यंत, त्यातही दुसरी अर्धीच. पण निजामाच्या राज्यात जन्मलेल्या माणसाला हिंदी वेगळी कशाला शिकवायची? उर्दू कानात होतीच. निम्मं कळायचं, निम्मं मी लावून सांगायचो. माझं लावलेलं चुकलं असं आजवर कुणी मला तोंडावर म्हटलेलं नाही.

बायांना त्या बोलण्याशी देणंघेणं नव्हतं. त्या नेसणं बघायच्या. कोटवाला गडी बातम्या द्यायला आला की सगळ्या डोक्यावरचा पदर पुढं ओढायच्या, कारण तो परका माणूस सरळ त्यांच्या तोंडाकडं बघायचा. बाई आली की पदर सैल व्हायचे. ती नमस्कार म्हणाली की अख्खी खोली हात जोडायची. एक म्हातारी तर रोज विचारायची, "जेवलीस का बाई?"

त्यातली एक बाई आमच्या बायांची लाडकी. त्या तिला 'आपली' म्हणत. अंगभर पदर, केसात फूल, कपाळावर ठसठशीत कुंकू. टीव्ही काळा-पांढरा, म्हणून कुंकू काळं दिसायचं. पण बायांना विचारा, त्या तांबडंच सांगतील.

माझी लेक त्या साली आमच्याकडंच होती. तिचा नवरा भूमकडून बोअर पाडणाऱ्या गाडीवर कर्नाटकात गेला होता. दुष्काळात त्या गाड्यांना उसंत नसायची. दिवाळीच्या आधी गाडी परत आली, तो आला नाही. बरोबरचे गडी सांगायचे, वाटेत चहा प्यायला सगळे उतरले, चहा पिऊन सगळे चढले, आणि पुढच्या गावात मोजलं तर तो नव्हता. कुणाशी भांडण नाही, काही नाही. मी स्वतः त्या हॉटेलापर्यंत जाऊन आलो. हॉटेलवाला म्हणाला, त्याचा कप मात्र धुवून ठेवलेला होता. असलं कोण ध्यानात ठेवतं, ते मला आजही कळलेलं नाही.

मग पौषातली ती संध्याकाळ. संक्रांत तोंडावर आली होती. 'आपली' टीव्हीवर आली आणि नमस्कार म्हणाली. कुणी हात जोडले नाहीत. तिचं कपाळ मोकळं होतं. साडी फिकी, पांढरीच म्हणा. ती नेहमीसारखी बातम्या देत होती, मधेच हसत होती.

"घरधनी गेला गं तिचा," म्हातारी हळू म्हणाली.

"मग हसती कशी?"

"हसाया लावत असत्याल. सरकारी नोकरी हाय."

बाया एकेक करून उठल्या. जाताना प्रत्येकीनं माझ्या लेकीकडं बघितलं.

घरी आल्यावर आमची मंडळी चुलीपुढं बसून राहिली. म्हणाली, "अवो, ती आपल्या पोरीकडंच बघत हुती."

मी म्हणालो, "ती समद्यांकडंच बघती."

तरी दुसऱ्या दिवशी मी दिवस मावळायला संस्थेत गेलो आणि पारखून बघितलं. कोटवाला होता. मी डावीकडच्या कॅनवर बसलो, तो माझ्याकडं बघत होता. उजवीकडं गेलो, तिकडंही माझ्याकडंच. दाराआड उभा राहिलो आणि फटीतून डोकावलं. तिथंही त्यानं मला सोडलं नाही. पापणी लवत नव्हती. मी घरी येऊन सांगितलं, "बघ, समद्यांकडं बघत्यात. म्या सवता बघितलं."

ती म्हणाली, "मग समद्या गावाला सांगत आसंल ती. आपल्या घराला लागू पडलं, एवढंच."

संक्रांतीला शेजारणीनं हळदीकुंकवाला बोलावलं. बोलावलं खरं, पण लेकीपुढं आली तशी तिची बोटं करंड्यातच थांबली. हळद लावली, कुंकू लावलं नाही. 'पुढची' म्हणत दुसरीकडं वळली. लेक वाण न घेता घरी आली. तेव्हापासून तिनं पदराच्या गाठीला कुंकवाची पुडी बांधली आणि आपलं आपण लावायला लागली. माझ्या डोक्यात सणक गेली. पोरीचा नवरा मेला की जिता, हे दिल्लीतली साडी ठरवणार?

संस्थेचे चेरमन म्हणाले, "आबा, थोडे दिवस टीव्ही बंद ठेवू."

"बंद ठिवला तर तुमचं खरं ठरलं," मी म्हणालो. "चालू ठिवा. ती कुंकू लावून यील."

पण ती येईनाच. आज कोट, उद्या दुसरीच बाई. बाया म्हणायच्या, कोपऱ्यात बसली असंल. आता वाटतं, बातम्या देणाऱ्यांची पाळी असते, रजा असते. पण तेव्हा मलाही दिल्लीत कुठंतरी एका अंधाऱ्या खोलीत ती भिंतीकडं तोंड करून बसलेली दिसायची.

आणि मग ती आली. कपाळ मोकळंच. आणि केस मानेवर कापलेले.

शहरात तसले केस ठेवायची तऱ्हा आली होती म्हणे. आम्हाला कोण सांगणार? म्हातारीनं लहानपणी केस काढलेल्या बाया बघितल्या होत्या. ती एवढंच म्हणाली, "केसबी गेले."

माझी मंडळी पोरीचा हात धरून म्हणाली, "चल घरला. घरात बोलू." काय बोलायचं होतं ते सगळ्यांना कळलं. मलाही.

पोरीनं हात सोडवला. उठून टीव्हीपुढं गेली. पदराची गाठ सोडली, चिमूट घेतली आणि त्या बाईच्या कपाळावर अंगठा टेकला. काच चरचरली. त्या काचेजवळ हात नेला तरी अंगावरचे केस उभे राहायचे, तिनं तर दाबून धरला. अंगठा काढला तेव्हा त्या काळ्या-पांढऱ्यात तेवढं एकच तांबडं होतं. पुडीतली उडालेली कणी आपोआप काचेकडं ओढली जात होती.

घटकाभर ती पहिल्यासारखी 'आपली' दिसली. मग कागद बघायला तिनं मान वळवली, आणि कपाळ खालून सरकून गेलं. टिळा तिथंच. नंतर तो एका मंत्र्याच्या गालावर बसला. मग भेगाळलेल्या तळ्यात, मग छावणीतल्या बैलाच्या पाठीवर. कुणी हसलं नाही.

चेरमन म्हणाले, "आबा, पुसा की ते."

"म्या लेकीचं कुंकू पुसू? तुमी चेरमन हाय, तुमी पुसा."

त्यांनी कॅन पुसायचं फडकं उचललं. बायांत त्यांची बायको बसली होती. ती त्या फडक्याकडं बघत राहिली. त्यांनी फडकं खाली ठेवलं.

तो टिळा कुणीच पुसला नाही. त्यातूनच आम्ही बातम्या बघितल्या. वाचता वाचता तिचं डोकं हललं आणि टिळा बरोबर जागी बसला, की बाया श्वास सोडायच्या. पुढच्या शुक्रवारी शेजारीण करंडा घेऊन घरी आली. "काचंला लागलं, तुला का नगं," म्हणाली आणि पोरीच्या कपाळाला बोट लावलं.

जावई आला नाही. तप उलटल्यावर इहीणबाई चार जाणत्यांना घेऊन आल्या. हरवलेल्या माणसाचा दर्भाचा पुतळा करून जाळायचा आणि बाईचं कुंकू पुसायचं, अशी रीत आहे. दर्भ त्यांनी बरोबरच आणला होता. पोरगी समोर येऊन बसली, पदर मागं सारला आणि म्हणाली, "पुसा. कोण पुसतंय त्यानं फुडं या."

जाणते एकमेकांकडं बघायला लागले. इहीणबाई उठून तिच्याजवळ गेल्या, वाकून तोंडाकडं बराच वेळ बघत राहिल्या. कुणाचं तोंड बघत होत्या, देव जाणे. मग म्हणाल्या, "च्या ठिव बाई."

दर्भाची पेंढी आमच्या ओट्यावरच राहिली. शेवटी म्हशीनं खाल्ली.

आता घरात रंगीत टीव्ही आहे. पोरी कोट घालून बातम्या देतात, केस मोकळे, कपाळ मोकळं, उभ्याउभ्या चालतात सुद्धा. कुणाला त्याचं काही वाटत नाही. लेक पिकल्या केसांची झाली. अजून कुंकू लावते. तो असेल म्हणून लावते की नसला तरी लावते, हे मी विचारलेलं नाही.

परवा तूर निवडता निवडता तिचे हात थांबले. टीव्हीतली पोरगी बोलत होती, आणि ही तिच्या कपाळाकडं बघत होती.

"आबा, हिला कुणी इचारत न्हाय."

"काय इचारायचं?"

"नवरा कुठं हाय म्हणून."

मी म्हणालो, "न्हाय." ती परत तूर निवडायला लागली.