बाळंतिणीचं पाणी

शरीरात पाणी किती असतं, घामातून किती जातं, मूत्रपिंडं रक्त कसं गाळतात, हे मला वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षी घडाघडा पाठ होतं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी माझी पाठ थोपटली होती. ती थाप अंगावर मिरवत मी उन्हाळ्याच्या सुट्टीत वांकिडीजवळच्या आमच्या गावी आलो. थोरली बहीण चार दिवसांची बाळंतीण होती.

आमच्याकडे ओल्या बाळंतिणीला पाणी देत नसत. कच्चं अंग, पाणी प्यायली तर पोट सुटेल, वारं भरेल, अशी सगळ्या बायांची पक्की खात्री. त्या रणरणत्या उन्हाळ्यात अक्काच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवलेली होती. तिला ताप भरला होता आणि ओठांची सालं निघत होती.

"पाणी दे तिला," मी आईला म्हणालो. "अंगातलं पाणी आटलं की लघवी बंद होते."

"तू डाक्टर होशीन तवा होशीन," आई म्हणाली. "म्या पाच बाळंतपणं काडली. तुया वक्ती तरी कुठी पानी पेली होती?"

अक्का माझ्याकडे बघत होती. "बाबू, एक घोट दे ना रे," ती म्हणाली. मी बाहेर निघून गेलो. वाद घालायचा मला कंटाळा आला होता. इतकी साधी गोष्ट होती ती.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं लोटली होती आणि आता भाषेवरून प्रांत पडले होते. शेजारचा राजुरा तिकडे मराठी मुलखात गेला, आम्ही इकडे आंध्रात राहिलो. आमच्या दवाखान्यातला मराठी-उर्दू बोलणारा जुना डॉक्टरही तिकडे गेला. तो बाळंतिणीच्या घरी शिरला की आधी तांब्या मागायचा आणि बायांना चार शिव्या घालून तिला समोर पाणी पाजायचा. त्याच्या जागी आंध्रातला एक तरुण डॉक्टर आला. भला माणूस होता, पण त्याला मराठीचा गंध नव्हता आणि आमच्या बायांच्या रीती ठाऊक नव्हत्या. अक्काचा ताप उतरेना तेव्हा मी त्यालाच घेऊन आलो.

मी वैद्यकीचा विद्यार्थी म्हटल्यावर तो खुलला. बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसा माझ्याशी इंग्रजीत बोलू लागला. नाडी बघून त्याने विचारलं, "पाणी नीट पिते ना?"

मी आईला विचारलं. "सांग त्याले, पेते मनून," आई पदर सावरत म्हणाली. "परक्या मानसाले घरातलं काऊन सांगतं?"

मी "हो" म्हणालो. आईने सांगितलं म्हणून नव्हे. परीक्षकांनी पाठ थोपटलेल्या पोराच्या घरात बाळंतिणीला तहानेलं ठेवतात, हे त्याला कळू द्यायची मला लाज वाटली. अक्काला आमचं इंग्रजी कळत नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

त्याने जंतू मारणाऱ्या सल्फाच्या गोळ्या दिल्या, भरपूर पाण्याबरोबर घ्यायला सांगितलं. ते मी आईला सांगितलं, एकदाच, आणि जोर न देता. आईने गोळ्या पळीभर कोमट पाण्याबरोबर दिल्या. दुसऱ्या दिवशी अक्काला जेमतेम लघवी झाली, तीही लाल. मग तीही थांबली. बैलगाडीत घालून दवाखान्यात न्यायच्या आधीच ती गेली. पोर दूरच्या चुलतीच्या दुधावर जगलं.

पुढल्या वर्षी औषधांच्या तासाला प्राध्यापकांनी फळ्यावर मूत्रपिंड काढून सांगितलं की अंगात पाणी कमी असेल तर सल्फाचे तिथे खडे होतात. द्यायच्या आधी रोगी पाणी किती पितो ते विचारा, म्हणाले. सगळ्यांनी लिहून घेतलं. मी लिहिलं नाही. त्या डॉक्टरने विचारलं होतं.

गावाने त्या बिचाऱ्यावरच ठपका ठेवला. तेलुगू डॉक्टरने मराठी पोरीला मारलं म्हणाले. त्याने लवकरच बदली मागून घेतली. मी तेव्हाही तोंड उघडलं नाही. आई मरेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "त्याची गोळीच खराब. आमच्या बाबूनं तं त्याले सगळं खरं खरं सांगतलं होतं." आणि मी शेजारी बसून ऐकायचो.