अंगठीवरचा खरवडलेला कोंबडा

बथशेबाकाकू रोहेकर इंग्लंडमधल्या वॉटफर्डमध्ये आमच्या शेजारी राहायच्या. मूळच्या ठाण्याच्या, मराठी बोलणाऱ्या ज्यू. एक्स-रेचं शिक्षण घेऊन १९६६ साली इकडे आल्या आणि एकाच हॉस्पिटलमध्ये तेहेतीस वर्षं लोकांची हाडं बघत राहिल्या. २००३ साली त्यांचे यजमान राफाएलकाका गेले. त्यानंतर काकूंच्या घराचे पडदे दुपारीही उघडेनात.

पुढच्या वर्षी मीच त्यांना गाडीत घालून जवळच्या एका छोट्या म्युझियममध्ये नेलं. तिथे स्वयंसेवक हवे होते. रस्त्याच्या कामाआधी केलेल्या खोदकामात रोमन काळातलं एक शेतघर सापडलं होतं आणि माती आणि गंज चढलेल्या धातूच्या गोळ्यांचे ट्रेच्या ट्रे येऊन पडले होते. आत काय आहे ते कळावं म्हणून साफ करण्याआधी प्रत्येकाचा एक्स-रे काढायचा. हे काम जेनिफर नावाची तरुण मुलगी एकटी करत होती. काकूंनी तिची एक फिल्म उजेडासमोर धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अगं, व्होल्टेज किती देतेयस? सगळं काळं झालंय. पेशंट हलत नाहीये ना, मग घाई कसली? व्होल्टेज कमी दे, वेळ जास्त दे."

जेनिफर हसत सुटली आणि खुर्ची सोडून उभी राहिली. त्या दिवसापासून दर मंगळवारी त्या खुर्चीवर काकू.

उन्हाळाभर नुसते खिळे निघाले. मी थट्टा केली, तर म्हणाल्या, "अनुराधा, खिळे का असेनात, नीट दिसले पाहिजेत."

सप्टेंबरात सुपारीएवढा एक हिरवट गोळा आला. फिल्मवर अंगठी उमटली. तिच्या चपट्या भागावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा, त्यांच्या मधोमध एक उभी रेघ, वरच्या टोकाला वळलेली. काकूंना अर्थ कळेना. त्यांनी जेनिफरला हाक मारली. ती आली, वाकली आणि तिने बोटाने त्या रेघा हवेत गिरवल्या.

"ग्रीकमध्ये ख्रिस्ताच्या नावाची पहिली दोन अक्षरं," ती म्हणाली. "चौथं शतक. रोमच्या बादशहाने तोवर ख्रिश्चनांचा छळ थांबवला होता. पण इथे खेड्यापाड्यांत सगळे जुन्याच देवांना भजत होते. हा धर्म इथे नुकता कुठे रुजत होता."

काकू फिल्मकडे बघतच होत्या. "आणि हे खाली काय आहे?"

"ओरखडे असतील."

"ओरखडा असा वळत नाही."

त्यांनी अंगठी किंचित तिरकी ठेवली, पुन्हा फिल्म काढली. मग आणखी तिरकी. मी त्यांना न्यायला आले तेव्हा पाचवी फिल्म धुऊन होत होती. ती दिव्यासमोर लावली आणि आम्ही तिघी तिच्यावर वाकलो. अक्षरांच्या खाली शेपटीची तीन पिसं होती, एक पाय होता, तुऱ्याची कड होती. कोंबडा. वाटसरूंना सांभाळणाऱ्या जुन्या रोमन देवाचा कोंबडा, जेनिफरने सांगितलं. कुणीतरी तो खरवडून काढला होता आणि त्याच जागेवर नव्या देवाचं नाव कोरलं होतं.

"अंगठी तीच ठेवली," काकू अगदी हळू म्हणाल्या. "दुसरी नसेल तिच्याकडे."

"तिच्याकडे? बाई कशावरून?" मी विचारलं.

"नक्की नाही सांगता येणार. पण हजारो हात पाहिलेत मी. एवढं बारीक बोट बहुतेक बाईचंच. आणि मागची पट्टी बघ, किती झिजलीय. हातातून काढलीच नसेल."

परत येताना गाडीत त्या आपल्याच ज्यू लोकांबद्दल बोलू लागल्या. कोकणच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेली सात जोडपी, असं त्यांच्यात सांगतात. पोथ्या बुडाल्या, भाषा गेली. उरला शनिवारचा विसावा आणि एका प्रार्थनेचे चार शब्द. तेवढ्यावर शेकडो वर्षं निघाली.

"मला वाटायचं, धर्म वाढतात ते राजांमुळे," त्या म्हणाल्या. "पण ही बाई बघ. चुलीपाशी बसून खिळ्याबिळ्याने कोंबडा खरवडत असेल. सासू बघतेय, नवरा बघतोय. धर्म तिचा, माझा नाही. तरी तिच्यासाठी पाच-पाच फिल्म काढल्या गं मी."

लंडनहून एक तज्ज्ञ येऊन फिल्म तपासून गेले. कोंबड्याबद्दल त्यांनाही शंका उरली नाही. अंगठी साफ झाल्यावर जेनिफरने ती काचेत ठेवण्याआधी काकूंच्या हातमोज्यातल्या तळव्यावर ठेवली. काकूंनी ती उलटी करून मागची झिजलेली पट्टी पाहिली. दोन मिनिटांनी त्यांनी ती परत दिली आणि बाहेर बाकावर जाऊन एकट्याच बसल्या.

पुढची पाच वर्षं, काकू गेल्या तोवर, त्यांचा एकही मंगळवार चुकला नाही. अंगठी अजून तिथेच आहे, शेजारी ती पाचवी फिल्म मागून उजेड देऊन लावलीय. लोक येतात, आधी अंगठी बघतात, मग फिल्म बघतात, आणि कोंबडा शोधायला पुन्हा अंगठीवर वाकतात.