दहा नंबरची सुई

माझ्या मावशीचं लोकरीचं दुकान आहे. चांगलं चालतं. जिभेला मात्र धार आहे तिच्या. त्यामुळे गिऱ्हाईक आधी लांबून अंदाज घेतं आणि मगच पायरी चढतं.

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात बाबांनी आईनं त्यांच्यासाठी विणलेला स्वेटर उकळत्या पाण्यात धुतला. तो आवळून इतका घट्ट झाला की बाहीत मनगटही जाईना. स्वेटर आणि आईच्या कपाटातली विणकामाची जुनी पुस्तिका पिशवीत घालून ते थेट दुकानात गेले.

"हा पुन्हा विणून दे. पुस्तिकेत सगळं लिहिलंय."

"लिहिलंय, तर मग अवघड काय त्यात?" असं मावशी म्हणाली खरी, पण तिथूनच तिच्या डोक्याला ताप सुरू झाला.

पुस्तिका परदेशी होती आणि मुखपृष्ठ फाटलेलं, त्यामुळे कुठल्या देशाची ते कळायला मार्ग नव्हता. आत 'दहा नंबरच्या सुया' असं होतं. आता सुया मिलिमीटरमध्ये मिळतात. मावशीनं सुयांच्या मापांचा तक्ता काढला, दहासमोरचा आकडा बघितला आणि जाड सुयांवर स्वेटरची पाठ विणायला घेतली. पाठ झाली दुलईएवढी, तीही जाळीदार.

"मासे धरा हिनं!" म्हणत तिनं ती उसवली.

मग कळलं की एका देशात आकडा वाढला की सुई जाड होते आणि दुसऱ्यात बारीक. "माणसं आहेत की कोण! एकदा बसून ठरवता येत नव्हतं?" मावशी माझ्यावर खेकसली. जणू ते मीच ठरवलं होतं.

बारीक सुयांवर पुन्हा सुरुवात झाली. या खेपेला पाठ शाळकरी पोराच्या मापाची झाली. आता लोकरीचा संशय आला. पुस्तिकेतली लोकर करणारी गिरणी केव्हाच बंद पडली होती आणि वजनं औंसांत होती. चारपदरी लोकर हवी, एवढंच काय ते कळत होतं. तिनं घाऊक व्यापाऱ्याला फोन लावला.

"चारपदरी म्हणजे चारपदरीच ना मावशी, घेऊन टाका."

"अहो, चार पदर म्हणजे चार धागे पिळलेले! धागा किती जाड ते कुठं कळतं त्यात? दोरखंडालाही चार पदर असतात!" तिनं फोन आपटला.

बाबा रोज संध्याकाळी येऊन स्टुलावर बसायचे. "झाला का?" विचारायचे. त्या दोन शब्दांनी मावशीचं पित्त खवळायचं.

शेवटी वैतागून तिनं आवळलेला स्वेटरच उजेडात धरला. खालच्या पट्टीचे टाके अजून ओळखू येत होते. तिनं ते सुईच्या टोकानं मोजले. मग परत मोजले. पुस्तिकेपेक्षा कितीतरी जास्त भरले.

"भावोजी, ताईनं पुस्तिका पाळलीच नव्हती!"

"मग?"

"मग काय! तुमचं पोट बघून मनानं टाके वाढवलेत. आणि मला विणायला शिकवताना? एक टाका इकडचा तिकडे झाला तर हातावर फटका! 'पुस्तकात आहे तसंच विण,' म्हणे. लबाड कुठली!"

ती हसायला लागली आणि हसता हसताच तिनं पदर डोळ्यांना लावला.

मग तिनं पुस्तिका मिटली. दुकानातली हाताला बरी वाटणारी लोकर निवडली, आधी तळहाताएवढा तुकडा विणला आणि मोजपट्टी लावून एका इंचात किती टाके बसतात ते पाहिलं. बाबांना उभं करून छाती मोजली. ते आता खूप वाळले होते, हे तेव्हा आम्हा दोघींच्याही लक्षात आलं. मावशीनं गुणाकार केला आणि टाके घातले.

स्वेटर अंगात व्यवस्थित बसला. बाबांनी बाह्या ओढून पाहिल्या, आरशासमोर वळले.

"गळा जरा घट्ट वाटतोय."

मावशीनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

"काढा," ती म्हणाली. बाबा बनियनवर स्टुलावर बसले. तिनं गळा उसवायला घेतला आणि त्यांच्या अंगावर स्वतःची शाल फेकली.

"गारठून मराल, मग माझ्या नावानं बोंब!"