देवाला चालतो तो कापूर

त्या उन्हाळ्यात माझ्या तोंडावर इतक्या पुटकुळ्या उठल्या की, या तोंडानं पुण्याच्या इंग्रजी शाळेत परत जायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. सुट्टीला जुन्नरला मामाकडे होते. डाळीचं पीठ, हळद, जायफळ, सगळं लावून झाल्यावर मामी मला बाजारपेठेतल्या कापडवाल्या काकांकडे घेऊन गेली. काका मारवाडी, पण जन्म जुन्नरचा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते कापडाच्या ठाणांमागून लाकडी पेटी काढत आणि होमिओपॅथीचं औषध देत.

मी रुमालानं हनुवटी झाकून बसले. शेजारी निरगुडसरची एक बाई खोकत होती.

"तोंड कशापायी झाकती? तुझ्या वयात माझं त्वांड म्हंजी कणीस व्हतं. तरी लगीन झालंच की."

"पावण्यांनी दिवा लावला नसंल," मामी म्हणाली.

काकांनी माझ्या तोंडाकडे फारसं पाहिलंच नाही. तहान लागते का, मीठ जास्त लागतं का, पाय पांघरुणाबाहेर असतात का, असंच विचारत राहिले. उत्तरं मामी देत होती. मग ते म्हणाले, "रडू आलं आणि कोणी जवळ घेतलं, तर बरं वाटतं की जास्तच येतं?"

मामीनं वळून माझ्याकडे पाहिलं. असंही कोणी विचारू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

"जास्त येतं," मी म्हणाले. "म्हणून मी एकटीच रडते."

त्यांनी साखरेच्या गोळ्यांवर एक थेंब सोडला. त्या बाईच्या खोकल्याला तशाच पांढऱ्या गोळ्या आणि माझ्या हनुवटीलाही. कुठं जायचं ते गोळीला कसं कळत असेल, याचा विचार करत मी घरी आले.

बरेच दिवस काही फरक पडेना. काकांनी बाटली मागवून हुंगली.

"ही कुठं ठेवली होती?"

"देवापाशी," मामी म्हणाली. "औषध म्हंजी परसादच की."

"कापराशेजारी?" काका हसले. "अहो, देवाला कापूर चालतो, हिला नाही. उग्र वासानं औषध मरतं."

नवी बाटली पोह्यांच्या डब्यामागे गेली. मामी तिलाही हात जोडायची.

जूनपर्यंत हनुवटी साफ झाली, कपाळ तसंच राहिलं. गोळ्यांनी की आपोआप, मला सांगता येणार नाही. पण मी शाळेत जायला निघाले, तेही रुमाल ट्रंकेत ठेवून.

एसटी सुटताना मला भरून आलं. एरवी मामीनं मला पोटाशी धरलं असतं. त्या दिवशी ती चार पावलं मागं सरली आणि पाठमोरी होऊन, गाडी हलेपर्यंत, कुणाची तरी बैलगाडी बघत उभी राहिली.