मुबझ्झराच्या पाटावर आई कुणाशी बोलल्या?

हे लिहू की नको, यात दोन महिने गेले. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. दुबईत, सिलिकॉन ओएसिसला मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. सगळे "चालतंय" म्हणत असताना कुठेतरी गडबड आहे असं धरून ती शोधायची, हेच माझं काम. इथेही तेच केलं... गडबड सापडली नाही.

जानेवारीतला शनिवार होता. माझ्या सासूबाई – मी त्यांना आईच म्हणते – व्हिजिट व्हिसावर रत्नागिरीहून आल्या होत्या. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून माझा नवरा सुजय म्हणाला, अल ऐनजवळ मुबझ्झराला गरम पाण्याचे झरे आहेत, तिकडे जाऊ या. जबल हफीतचा उघडाबोडका डोंगर, त्याच्या पायथ्याशी एकदम हिरवळ, आणि हिरवळीतून वाहणारा गरम पाण्याचा पाट. लोक काठावर बसून पाय सोडतात. दुपारचे चार वाजले असतील. लख्ख ऊन.

आई पाण्याजवळ जाईनात. "नको गं मनीषा, मी लांबच बरी." साडी भिजेल म्हणून म्हणतायत असं वाटलं. मी आग्रहाने बसवलं. माझी अकरा वर्षांची मुलगी, ईरा, फोनवर व्हिडिओ काढत तिथेच फिरत होती. मी आणि सुजय चहा आणायला गेलो.

परत येताना पाहिलं तर आईंशेजारी काळ्या पायघोळ अबायातली एक म्हातारी. चेहऱ्यावर इथल्या जुन्या बायका घालतात तो सोनेरी मुखवटा, नुसते डोळे दिसणारा. तिचा हात आईंच्या गुडघ्यावर होता आणि आई रडत होत्या. मी आधी आईंची पर्स पाहिली. होती मांडीवरच. आम्ही पोचायच्या आत ती बाई उठून पार्किंगकडे निघून गेली.

"कोण होती आई?"

"कोण जाणे. पण किती मायेने बोलली! आणि मराठी किती स्वच्छ."

सुजय हसला. "आई, ती इथलीच होती. हिंदी बोलली असेल."

"मला मराठी कळत नाही होय रे?"

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून ईराने विचारलं, "आज्जी, व्हेन डिड यू लर्न अरेबिक?"

"काय म्हणते ही?" आई म्हणाल्या. त्यांना इथे आभाराचं "शुक्रान"सुद्धा धड म्हणता येत नव्हतं.

ईराला शाळेत अरबी आहे. ती ठामपणे म्हणाली, "बट आय हर्ड यू! यू सेड बिन्त. दॅट मीन्स डॉटर."

घरी येऊन मी व्हिडिओ पाहिला. जेमतेम दीड मिनिटाचा. बोलणं मधूनच सुरू होतं. आईंचा आवाज, आईंचीच हात हलवायची सवय – आणि तोंडातून अरबी. न अडखळता. मध्येच एक शब्द ओळखीचा वाटला... "नलू".

मला पहिला संशय सुजयचा आला. हल्ली एआयने काय वाटेल ते करता येतं. पण फोन सगळा वेळ ईराच्या हातात होता, आणि फाइल मी उलटसुलट तपासली. सोमवारी ऑफिसात सालेमला ऐकवला. तो ओमानी आहे, आपलं हिंदी छान बोलतो. ऐकता ऐकता त्याने खुर्ची पुढे ओढली.

"ये तो मेरी दादी का बोली है. पहाड़ का पुराना बोली. तुम्हारी सास किधर सीखा?"

"वो छोड़. बोल क्या रही है?"

"बोलती है, मेरी बेटी गरम पानी में गिरी. मैं कपड़े धो रही थी, पीठ उसकी तरफ थी." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "नलू कौन है?"

आईंना मुलगी नव्हती. सुजय एकुलता एक. सालेम थट्टा करतोय असं वाटून मी ईराच्या अरबीच्या टीचरना काही न सांगता तोच व्हिडिओ ऐकवला. काही शब्द त्यांना जुने वाटले, पण अर्थ तोच निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईंसमोर बसले. "आई... नलू कोण?"

त्यांच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "तुला कुणी सांगितलं?"

मग बोलल्या. माहेरी गावाबाहेर गरम पाण्याचं कुंड होतं. सुजयच्या आधीची मुलगी, तीन वर्षांची. पाय घसरला. त्यानंतर घरात ठरलं, तिचा विषय काढायचा नाही. फोटोसुद्धा ठेवला नाही. "सगळे म्हणायचे, तुझं लक्ष नव्हतं. त्या बाईला मी सांगितलं, तर म्हणाली, अगं, तू कामात होतीस."

सुजय दारात उभा होता, त्याने सगळं ऐकलं. बेचाळिसाव्या वर्षी त्याला कळलं की आपल्याला मोठी बहीण होती. तो आईजवळ जमिनीवर बसला.

आम्ही पुढच्या शनिवारी परत मुबझ्झराला गेलो. त्या बाईचं वर्णन सांगून चारचौघांना विचारलं. कुणीच ओळखलं नाही. आई मात्र या वेळी आपणहून पाण्यात पाय सोडून बसल्या.

एक गोष्ट सालेमने मला नंतर सांगितली. व्हिडिओत नलूचं नाव आधी ती बाई घेते, आई मागाहून. व्हिडिओ मधूनच सुरू होतो, तेव्हा आईंनी आधी सांगितलं असणार, अशी मी स्वतःची समजूत घालते. पण भाषेचं काय? तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असलं तर सांगा.

आई रत्नागिरीला परत गेल्या. त्यांनी परत तो विषय काढला नाही. मध्यंतरी मी सुजयला विचारलं, तो व्हिडिओ डिलीट करू का, मला त्याची भीती वाटते.

"राहू दे," तो म्हणाला. "आईच्या तोंडून ताईचं नाव मी फक्त तिथेच ऐकलंय."