तळमावशीच्या होडीचा कान

सासूबाईंच्या होडीला मी भोक पाडलं. मुद्दाम नाही. पण जीभ दातांत धरून, एक डोळा मिटून, ड्रिल मशीनने व्यवस्थित पाडलेल्या भोकाला 'चुकून पडलं' असं तरी कोणत्या तोंडाने म्हणायचं? पत्रा कर्रर्र करत फाटला, पलीकडच्या उजेडाची गोल टिकली दिसली आणि मला क्षणभर स्वतःचा फार अभिमान वाटला. तेवढ्यात सासूबाई शेडमध्ये आल्या. वाकल्या. भोकात बोट घालून बाहेर काढलं आणि बोटाकडेच बघत म्हणाल्या, "जावईबापू, होडी बुडवायचीच होती तर आधी सांगायचं. मी निदान नवा दोर तरी काढून ठेवला असता."

ज्यांच्या सासूबाई निवृत्त शिक्षिका वगैरे असतात, त्यांना या प्रसंगाचं गांभीर्य कळायचं नाही. माझ्या सासूबाईंचा धंदा नदीच्या तळाशी आहे. कोणाचा नांगर तुटला, कोणाचं इंजिन निसटलं, भांडणात कोणी कोणाची अंगठी पाण्यात भिरकावली, की माणसं त्यांचं दार ठोठावतात. दोराला लोखंडी गळ बांधून तो तळावरून फरफटत न्यायचा आणि वर दोराला नुसतं बोट लावून खाली काय लागलं ते सांगायचं, ही त्यांची विद्या. "हा दगड. हे लाकूड. ही सायकल… लेडीज." म्हणून सगळा धक्का त्यांना तळमावशी म्हणतो.

त्यांची होडीही त्यांच्यासारखीच. जेट बोट. खाली पंखा नाही. पोटातल्या जाळीतून पाणी ओढायचं आणि मागच्या तोटीतून फेकायचं, त्या जोरावर पळायचं. घोटाभर पाण्यातही ती दगडगोट्यांवरून सूं करत निघून जाते. सासूबाईंना तिचे दोनच वेग माहीत: उभी आणि सुसाट. लहानपणापासून माझी बायको धक्क्यावर उभी राहून "आई, हळू!" एवढंच ओरडत आली आहे. तिचा तो आवाज अजूनही घरात अधूनमधून लागतो, मी जेवत असतानासुद्धा.

पण गेल्या वर्षापासून सासूबाईंचा उजवा खांदा कुरकुरायला लागला. गळ वर ओढताना त्या ओठ आवळून घेतात, आणि कोणी बघतंय असं वाटलं की आपण शीळ घालत होतो असं दाखवतात. शीळ काही ऐकू येत नाही. बायकोने ती न वाजणारी शीळ बरोबर ओळखली आणि लकडा लावला, "आई, होडी विक आणि आमच्याकडे राहायला ये."

शेवटी सासूबाईंनी तोडगा काढला. नदीखात्याला बोटींच्या वाटेतले बुडालेले ओंडके आणि लोखंड शोधून हवं होतं, वर्षभराचं काम. मात्र तळाचं चित्र दाखवावं लागणार होतं. म्हणून त्यांनी एक जुनं साइड-स्कॅन सोनार पैदा केलं. काळ्या पट्टीसारखा एक तुकडा पाण्यात धरायचा. तो दोन्ही बाजूंना आवाज सोडतो, परत आलेला प्रतिध्वनी ऐकतो आणि पडद्यावर तळाचं चित्र उमटतं. त्या तुकड्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात. सासूबाई त्याला कान म्हणतात.

"उद्या सकाळी चाचणी," त्यांनी जाहीर केलं. "चित्र उमटलं तर काम माझं आणि होडीही माझी. नाही उमटलं तर होडी विकते आणि येते तुमच्या दोन खोल्यांत."

सासूबाईंबद्दल मला मनापासून आदर आहे. तो नदीच्या पलीकडून जास्त नीट करता येतो, एवढंच. मी तडक अस्तन्या सारून मदतीला धावलो. बायकोने माझ्याकडे बघून नुसतं "हं" केलं. त्या एका अक्षरात आमच्या संसाराचं सगळं सार होतं.

आता मुद्दा असा, की जेट बोटीला कान लावायचा कुठे? पोटाखाली लावला तर पहिलाच दगड तो उपटून नेणार. जाळीच्या पुढे लावला तर त्याचे बुडबुडे पंपात जाणार आणि होडी जागच्या जागी खोकत बसणार. मागे तोटीजवळ लावला तर फेसात त्याला काहीच ऐकू येणार नाही. राहिली एकच जागा. मागचाच पत्रा, पण तोटीपासून चांगला लांब, एका अंगाला.

"तोटीपासून दोन वीत आणि चार बोटं," सासूबाई म्हणाल्या होत्या. "तिथे खूण करून ठेवा. मी वॉशर घेऊन येते."

मी दोन वीत आणि चार बोटं मोजली. माझी. आणि नुसती खूण काय करायची, म्हणून जोशात भोकच पाडलं.

मी छापखान्यात प्रुफं तपासतो. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतो. माझी वीत म्हणजे प्रुफाच्या कागदावर ठेवायची वीत. सासूबाईंची वीत दोर ओढून ओढून रुंदावलेली. त्यामुळे माझं भोक तोटीच्या इतकं जवळ आलं होतं, की तिथे कान लावला असता तर त्याला फेसाशिवाय जगात दुसरं काही नाही असंच वाटलं असतं.

सासरे कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. ते शिंपी. पाण्याला भितात, होडीत कधी पाऊल टाकत नाहीत. पण सासूबाई शेडमध्ये असल्या की आपलं हातशिलाईचं काम घेऊन तिथे येऊन बसतात. त्यांच्या गळ्यात कायम टेप. त्यांनी सुईत दोरा ओवता ओवता हळूच म्हटलं, "टेपने मोजलं असतं तर…"

"तुम्ही तुमच्या पाटलोणी बघा!" सासूबाई कडाडल्या. "माझ्या आईने हातानेच मोजलं, मीही हातानेच मोजते. कधी चूक झालीय?"

उत्तर पत्र्यात होतं, गोल.

मग त्यांनी माझा हात धरला आणि स्वतःच्या तळव्याला तळवा लावून बघितला. त्यांची बोटं माझ्या बोटांच्या वर चांगली पेरभर उरली. त्या बराच वेळ त्या दोन हातांकडे बघत राहिल्या. मग सासऱ्यांकडे गेल्या आणि त्यांच्या गळ्यातली टेप काढून घेतली. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर असा भाव आला, की लग्नात हार घालतानाही आला नसेल.

"असे बघू नका," सासूबाई म्हणाल्या, "तात्पुरती घेतलीय."

पण तात्पुरतं तिथे थांबलं नाही. दुसरं भोक पाडायला त्या तयार नव्हत्या. होडीला जितकी भोकं तितक्या काळज्या, असा त्यांचा हिशेब. मग स्वयंपाकघरातली भाजी चिरायची जाड प्लास्टिकची फळी आली. तिचं एक टोक माझ्या भोकात बोल्टने आवळलं, बाकीची फळी चिकटवायच्या लुकणाने पत्र्याला बसवली आणि कान दुसऱ्या टोकाला गेला, टेपने मोजून, फेसापासून दूर. दगड लागला तर कान मागे उचलला जावा म्हणून बिजागरी हवी होती. ती शिलाई मशीनच्या झाकणाची काढली. उचललेला कान परत खाली यावा म्हणून ओढणारं काहीतरी हवं होतं. सासऱ्यांनी आपण होऊन डब्यातून पायजम्याच्या कमरेचं रुंद इलॅस्टिक काढून दिलं.

"हे ताणून तुटत नाही," ते अभिमानाने म्हणाले. "गिऱ्हाईकं तुटतात."

लुकण वाळायला दोन दिवस लागतात असं त्याच्या डब्यावर लिहिलं होतं. चाचणी उद्यावर होती. सासूबाईंनी डब्याचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं.

सकाळी नदीखात्याचे साहेब आले. जीवरक्षक जाकीट त्यांनी उलटं घातलं होतं आणि ते सांगायची कोणाची हिंमत नव्हती. खात्याने वळणापाशी एक लोखंडी खुर्ची बुडवून ठेवली होती. ती पडद्यावर दाखवायची, एवढीच परीक्षा. सासूबाई चाकावर, साहेब पडद्यासमोर, आणि मी मागे, माझ्या भोकाशेजारी, हातात पाणी उपसायचं रिकामं डबडं घेऊन. धक्क्यावर बायको आणि तिच्यामागे, पाण्यापासून सुरक्षित अंतरावर, सासरे.

सासूबाईंनी सवयीने होडी सोडली ती थेट सुसाट. पडदा पांढराफटक.

"हे काय, ढग का?" साहेबांनी विचारलं.

"आई, हळू!" धक्क्यावरून आवाज आला.

सासूबाईंनी दात आवळून वेग कमी केला. जन्मात पहिल्यांदाच केला असावा. पण जेट बोटीला जोर नसला की वळणही कळत नाही. होडी पाण्यावरच्या पानासारखी गोल फिरली आणि पडद्यावर नदीचा तळ पिळलेल्या टॉवेलसारखा उमटला. परत एकदा केलं. परत टॉवेल. साहेबांनी घड्याळ बघितलं. सासूबाईंनी चाकावरचा उजवा हात काढून मांडीवर ठेवला, ओठ आवळले, आणि मला ती न वाजणारी शीळ दिसली. खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या दोन खोल्या माझ्या डोक्यात नव्हत्या.

"आई," मी म्हणालो, "तुम्हाला हळू जमत नाही, होडीला जोराशिवाय जमत नाही. तुम्हा दोघींना धरून ठेवणारं कोणी…"

"आहे की," त्या म्हणाल्या, "नदी आहे." आणि त्यांनी होडीचं तोंड प्रवाहाच्या उलट फिरवलं.

मग काय गंमत! इंजिन नेहमीसारखं गुरगुरतंय, चाक हाताला नीट लागतंय, आणि काठावरची झाडं मात्र पेन्शन आणायला निघाल्यासारखी एकेक करत मागे सरकताहेत. नदी मागे ढकलत होती, सासूबाई पुढे. पडद्यावर वाळूच्या सुरकुत्या उमटल्या. एक ओंडका आला. मध्येच खाली खडाक् झालं, कान मागे उचलला गेला आणि इलॅस्टिकने टप् करून जागेवर आणला. आणि मग, अगदी स्वच्छ, पाय वर करून पडलेली खुर्ची. शेजारी तिची लांब सावली.

"चारही पाय!" साहेब ओरडले. "बाई, काम तुमचं!"

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी होडी धक्क्याकडे वळवली, सुसाट, आणि शीळ घातली. ही वाजली. धक्क्यावर सासऱ्यांनी, कोणाला दिसणार नाही अशा बेताने, टाळी वाजवली. टेप अजून सासूबाईंच्याच गळ्यात होती.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण आमच्या दोन खोल्यांत या बाईंच्या शिळेला जागा केली असती तर काय बिघडलं असतं, असं काहीतरी मनात आलं.

"आई," मी म्हणालो, "तुम्ही आता आमच्याकडे यायच्या नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतंय हो."

त्यांनी मागे वळून माझ्या पायांकडे बघितलं. माझे मोजे कधीचे पाण्यात होते.

"वाईट घरी जाऊन वाटून घ्या, जावईबापू, आधी पाणी उपसा."