हवेच्या नळाची राखण

मी भिलाईला आलो तेव्हा पोलादाच्या कारखान्याची भट्टी अजून उभी व्हायची होती, पण माझ्या तोंडाचा पट्टा आधीच सुरू होता. गोंदियाकडच्या आमच्या धानाच्या गावातून निघताना मी थोरल्या भावाला सुनावून आलो होतो, की आता या हातांनी नांगर धरणार नाही. असं बोलून आलेल्या माणसाला परतायला तोंड नसतं. म्हणून कंप्रेसरवर कच्ची नोकरी मिळाली, तेव्हा मी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.

कंप्रेसर म्हणजे हवा दाबून भरणारी डिझेलची मशीन. अशा तीन मशिनी टिनाच्या छपराखाली धडधडायच्या. तीन मशिनी, तीन माणसं. त्यांची हवा एका मोठ्या टाकीत जायची आणि तिथून लोखंडी नळानं पार टोकाला, जिथं लाल तापवलेले जाड खिळे, म्हणजे रिबिट, ठोकून लोखंडाचे खांब जोडत. ठोकणारा हातोडा हवेवर चाले. हवा कमी पडली की हातोडा रडायचा, रिबिट थंड व्हायचा आणि तो उपटून पुन्हा नवा घालावा लागायचा. त्या मे महिन्यात हातोडे रोजच रडायला लागले.

आमचा फोरमन नागपूरकडच्या रेल्वे घराण्यातला, रागीट पण कामात चोख. तो टाकीवरच्या, हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघायचा आणि मग माझ्याकडे.

"काटा खाली कावून येते बे? झोपा काढून राहिला का तू?"

"नाही जी. तिन्ही मशिनी फुल सुरू हायेत."

"मंग हवा कोन खाते? सोमवारपर्यंत पाहीन. नाही सुधरलं त चवथी मशीन मागवतो, अन् तुया जागी दुसरा मानूस."

मला असा राग आला की विचारू नका. झोपेचा आळ मी कधी सहन केलेला नाही. खरंच झोपलो असतो तरी केला नसता. पण रागाच्या खाली भीती होती. बायको नुकतीच गावाहून आली होती, आमच्या टिनाच्या खोलीत तिनं चूल मांडली होती, आणि मला डोळ्यांसमोर भावाचा नांगर दिसायला लागला होता.

त्याच दुपारी जेवणाचा भोंगा झाला. मशिनी बंद, हातोडे बंद. मी टाकीजवळ भाकरी सोडली आणि सहज काट्याकडे पाहिलं. अर्धी भाकरी संपेपर्यंत काटा निम्म्यावर आला होता. कोणी हवा घेत नव्हतं, तरी टाकी रिकामी होत होती.

आमच्याकडे बांधीतलं, म्हणजे धानाच्या वाफ्यातलं, पाणी उतरलं तर कोणी आभाळाकडे बघत बसत नाही. उठायचं, बांधावरून चालायचं, खेकड्यानं बीळ कुठं पाडलंय ते शोधायचं आणि चिखलाचा गोळा दाबून ते बुजवायचं. फुटक्या बांधीत आणखी पाणी सोडणाऱ्याला गाव हसतं, आणि इथं तर चौथी मशीन मागवणं चाललं होतं. मी उरलेली भाकरी कमरेला बांधली आणि नळाच्या कडेनं चालायला लागलो.

शंभर पावलांवर पहिला जोड सूं सूं करताना सापडला. हातांना जे ठाऊक होतं ते हातांनी केलं. तणस, म्हणजे धानाचा पेंढा, कालवून चिखलाचा भला मोठा गोळा जोडावर थापला, वरून गुळगुळीत केला आणि अभिमानानं बघत उभा राहिलो. भोंगा झाला, मशिनी सुरू झाल्या, आणि तो सगळा चिखल उडून माझ्या तोंडावर बसला. रिबिटवाली टोळी पोट धरून हसली. एक म्हातारा फिटर तेवढा हसला नाही. तोही आमच्याच भागातला, धानाच्या बांधीतूनच आलेला.

"हवा हाये गा ते, पानी नाही," तो म्हणाला. "तिले रबर लागते."

त्यानं मला ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून चकत्या कापायला शिकवलं, जोडाच्या दोन तोंडांमध्ये त्या बसवून बोल्ट एकसारखे आवळायला शिकवलं. बारीक गळतीला साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा आला की भोक तिथंच. साबण मी घरून नेला.

बायको म्हणाली, "लुगडं धुवाले साबन नाही अन् तुमी नळाले आंघोळ घालून राहिले का?"

"नोकरी वाचवून राहिलो," मी म्हणालो. उरलेला तुकडाही तिनं माझ्या डब्यात टाकला.

रोजच्या जेवणाच्या सुट्टीत मी चालत राहिलो. जोड निघाले, सुतळीनं बांधलेले फाटके रबरी पाइप निघाले. पण सगळ्यात जास्त निघाली माणसं. उन्हाचा तडाखा असा, की जो तो नळाचा कॉक थोडा उघडा ठेवून अंगावर वारा घेत होता. वेल्डर शर्टात पाइप खुपसून बसलेला, रंगारी त्याच हवेनं कपडे झटकत होते. मी सगळ्यांशी भांडलो. कॉक बंद करत, शिव्या खात आणि देत रविवार गाठला.

रविवारी फिटर माझ्याबरोबर टाकीपाशी आला आणि कान देऊन उभा राहिला. "तू बसते त्या जागेमागं काय सूं सूं करून राहिलं?"

टाकीच्या तळाचा, हवेतून साचलेलं पाणी काढायचा कॉक. मशिनीच्या धगीत मानेला वारा लागावा म्हणून तो मीच बोटभर उघडा ठेवत होतो, पहिल्या दिवसापासून. जगाचे खेकडे शोधत फिरलो आणि सगळ्यात जाडा खेकडा मीच निघालो. मला इतकी लाज वाटली की कॉक बंद करताना फिटरकडे बघवेना.

सोमवारी फोरमन आला. मी त्याला आधी माझ्या कॉकचं सांगून टाकलं, सगळ्यांसमोर, आणि मग म्हणालो, "आता एक मशीन बंद करा जी."

"डोस्कं फिरलं का तुयं? मी चवथी मागून राहिलो अन् तू तिसरी बंद कर म्हनते?"

पण काटा वर होता आणि तो त्यालाही दिसत होता. त्यानं स्वतः हात घालून तिसरी मशीन बंद केली. काटा थरथरला, जरासा उतरला आणि थांबला. तिकडे टोकाला सगळे हातोडे एकदम चालले होते, ठणठणीत, एकही रडत नव्हता. दोन मशिनींवर! मला गावभर ओरडत सुटावंसं वाटलं. भावानं हे ऐकायला हवं होतं.

आणि तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला. मशिनी दोन झाल्या, माणसं तीन, आणि तिघांत कच्चा मी एकटा. माझ्या हातानं मीच माझं काम बंद करून ठेवलं होतं.

फोरमन माझ्या तोंडाकडे बघत होता. "मशीन बंद केली मी, तुले नाही. तुया पक्केपनाचं आजच लिहून देतो. उद्यापासून तू पुऱ्या लाईनवर फिर. ज्याचा कॉक बिनाकामाचा उघडा दिसन, त्याचा बंद कर. मंग तो कोनी असो, विचारू नको."

संध्याकाळी सुट्टी झाली. फोरमन घरी निघण्याआधी नळापाशी थांबला, कॉक उघडला आणि पाइप धरून पँटवरची धूळ उडवायला लागला. टोळी बघत होती. मी गेलो आणि कॉक बंद केला.

त्यानं हातातला मेलेला पाइप एकदा हलवून पाहिला. "उद्यापासून म्हनलो होतो मी," तो म्हणाला, आणि पाइप खाली ठेवून हातानं धूळ झटकत घरी गेला.